रिकाम्या नाक्याची मोजणी

नाक्यावर रोज सकाळी, पहिली गाडी यायच्या आधी, एक बाई रिकाम्या रस्त्याची मोजणी करायची. रस्त्याच्या दोन्ही अंगांना पुरुषभर उंचीचे करडे खांब, वर पत्र्याचं छप्पर आणि बाजूच्या काचेच्या खोलीत ती एकटी. खांबांच्या पोटात न्यूट्रॉन टिपणाऱ्या नळ्या होत्या. लाल आकडे पुढे सरकत राहायचे आणि दर दहा मिनिटांनी यंत्रातून कागदाची एक पट्टी बाहेर यायची. चारशे ऐंशी. चारशे एकाहत्तर. चारशे ब्याण्णव. गाडी नाही, माणूस नाही, साधं कुत्रंही नाही, तरी एवढे.

"हे येतात कुठून हो?" दर वर्षी एखादा नवा शिपाई विचारायचा.

"वरून," ती बोट वर करायची. शिपाई वर बघायचा. त्याला पत्रा दिसायचा आणि पत्र्याच्या भोकातून खाली बघणारं कबूतर दिसायचं. बाईंचं डोकं जरा फिरलेलं आहे असं ठरवून तो आपल्या कामाला लागायचा.

पण ती खरंच सांगत होती. कुठल्या तरी लांबच्या ताऱ्याचा कधी काळी स्फोट झालेला असतो. त्यातून सुटलेला एखादा कण वाट तुडवत तुडवत येतो, हवेवर आदळतो, आणि त्या टकरीतून न्यूट्रॉन खाली झरतात. दिवसरात्र, सगळ्यांच्या डोक्यावर, कुणाला काही न कळता. सकाळच्या त्या वेळेत, पत्र्याच्या भोकांतून उन्हाच्या काड्या खाली उतरलेल्या असताना, तिला कधीकधी ते झरणं दिसतंय असं वाटायचं. दिसत काही नसे, धूळ असे. पण धुळीकडे बघत तिची पंचवीस-सव्वीस वर्षं सुखानं गेली होती.

नाक्यावर तिला सगळे मोजणीमावशी म्हणायचे. ती आली होती टंकलेखनाच्या कामाला. हे यंत्र बसवायला आलेल्या इंजिनिअरला एक माणूस हवं होतं, काहीही होत नसताना तासभर त्याकडे बघत बसणारं. चार पुरुष बसवून पाहिले. एक पेंगला, दुसऱ्यानं पेपर काढला, तिसरा गप्पा मारायला उठला आणि चौथ्यानं पंधराव्या मिनिटाला विचारलं, "झालं का?" मग कुणी तरी टंकलेखनवाल्या बाईला बसवलं. तासाभरानं इंजिनिअर परत आला तेव्हा ती तशीच बसलेली होती आणि तिला उठावंसं वाटत नव्हतं.

तसं तिला बसायची सवयच होती. लग्न झालं नाही. का नाही, हे विचारणारे एकेक करून गेले आणि प्रश्नही त्यांच्याबरोबर गेला. धाकट्या भावाच्या घरात वरच्या मजल्यावर तिरप्या खिडकीची एक खोली तिची होती. भाऊ बरा, भावजयही बरी, कुणी कधी वावगं बोललं नाही. पण ती कधी आली, कधी गेली, याचा घरात कुणाला पत्ता लागत नसे. एकदा चार दिवस तापात पडून होती, तर चौथ्या दिवशी भावजय म्हणाली, "अगंबाई, वन्सं, तुम्ही घरीच होतात होय!" भावजय बिचारी ओशाळली. मावशी हसली. पण ते वाक्य तिच्या मनात राहून गेलं. आपण असलो काय नि नसलो काय, आकड्यात फरक पडत नाही, असं तिनं स्वतःशी ठरवूनच टाकलं होतं. दुःख म्हणून नव्हे. मोजणी करणाऱ्या माणसानं एखादी बाब नोंदवावी तसं.

नाक्याचं मुख्य काम म्हणजे लपवलेला माल पकडणं. अणुबॉम्बाच्या कामाचा माल कुणी गाडीत दडवून नेलाच, तर शिशात गुंडाळून नेणार. शिसं बाकीचे किरण गिळून टाकतं, पण न्यूट्रॉन शिशाला मुळीच जुमानत नाहीत, सरळ बाहेर पडतात. म्हणून खांब. सव्वीस वर्षांत न्यूट्रॉनचा भोंगा सात वेळा वाजला होता. सातही वेळा काहीतरी भलतंच निघालं होतं, आणि सातही वेळा मावशीनं ते कागदावर सिद्ध करून दिलं होतं. तिच्या नावावर चुकीची एक रेघ नव्हती. हा एवढाच तिचा दागिना.

आठव्यांदा भोंगा वाजला तो एका शिशाच्या गाडीवर. जुन्या बॅटऱ्या वितळवून केलेल्या विटा, वीस टन, एका इस्पितळाच्या क्ष-किरणांच्या खोलीला भिंत घालायला चाललेल्या. चालक पंचेचाळिशीचा, उंच, खांदे पडलेला माणूस. भोंगा ऐकून तो खाली उतरला आणि टायरकडे बघू लागला. त्याला वाटलं, टायर फुटला.

नाक्याच्या साहेबांची पाचावर धारण बसली. साहेब वजनानं भारी, स्वभावानं हलके. "मावशी, न्यूट्रॉन घोळक्यानं येतायत! एकटेदुकटे नाहीत. अणुमालातून असेच दोन-दोन, तीन-तीन मिळून बाहेर पडतात. पुस्तकात आहे."

"शिशातूनही पडतात साहेब. वरचा कण शिशावर आदळला की तेही घोळकाच सोडतं. आणि इथे शिसं वीस टन आहे."

"मग ओळखायचं कसं? हे आकाशाचं की आतल्या मालाचं?"

"हवेला विचारू," मावशी म्हणाली.

साहेबांना वाटलं ती थट्टा करतेय. पण गोष्ट सोपी होती. हवेचा दाब उतरला की डोक्यावरची हवेची गोधडी पातळ होते, वरून जास्त न्यूट्रॉन येतात आणि आकडा चढतो. दाब चढला की आकडा उतरतो. शिशाचा आकडा जर दाबाच्या मागं मागं चालला, तर ते सगळं आकाशाचं. दडवलेल्या मालाला हवामानाशी काय देणंघेणं? तो पाऊस असो, ऊन असो, तेवढेच सोडत राहणार.

नियम असा होता की न्यूट्रॉनचा भोंगा वाजलेली गाडी नाक्यावर उघडायची नाही. आठव्या दिवशी दुपारी राजधानीचं पथक येणार. त्याच्या आत नाक्यानं लेखी खुलासा दिला तर गाडी सुटेल, नाहीतर पथक एकेक वीट कापणार, आणि तोवर चालक कोठडीत. कापाकापीला चार महिने लागतात, कधी सहा. असले नियम करणाऱ्यांना घरी वाट बघणारं कुणी नसावं.

चालकाला होतं. गाडी मागच्या शेडमध्ये लावली, त्याला दाराशी एक स्टूल दिलं, झोपायला पहारेकऱ्यांची खोली दिली. रोज सकाळी दहाला तो ऑफिसच्या फोनवरून घरी बोलायचा. मावशीला काचेतून ऐकू यायचं.

"आई, मी बोलतोय... मी गं. मी... अगं मी, गाडीवाला. तुझा." तो रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावायचा. मग, "बरं, शेजारच्या काकूंना दे."

पहिल्या दिवशी तिसऱ्या हाकेला आईनं ओळखलं. तिसऱ्या दिवशी ओळखायला पाच मिनिटं लागली.

"विसरते," फोन ठेवून तो मावशीला म्हणाला. तिनं काही विचारलं नव्हतं. "सगळं विसरली. बाबांना विसरली, बहिणीला विसरली. लांबची फेरी नसली की मी रोज संध्याकाळी घरी जातो, दार वाजवतो, म्हणून मी तेवढा राहिलोय. तीन दिवसांच्या वर कधी बाहेर राहिलो नाही हो मी. चार महिन्यांनी गेलो तर दार उघडेल आणि म्हणेल, कोण पाहिजे?"

मावशीनं पेला त्याच्यापुढं सरकवला. ती म्हणाली, "चहा घ्या."

शेडमध्ये मोजणीसाठी तिनं चाकांवरचा एक सुटा खांब आणला होता. भिंत आणि गाडी यांच्यामध्ये जागा अपुरी, खांब काही आत शिरेना. म्हणून त्याच्या पाठीची प्लास्टिकची जाड लादी काढून ठेवली. मग तो कसाबसा बसला, तोंड शिशाकडे, उघडी पाठ भिंतीकडे. सकाळी नाका उघडला की यंत्र सुरू, संध्याकाळी नाका बंद की यंत्र बंद. दाराशी दाबाची तबकडी टांगली.

पहिले दोन दिवस मावशी काचेच्या खोलीतूनच फेऱ्या मारत होती. दाब उतरत चालला होता, आभाळ मळकट झालं होतं. दहा मिनिटांचा आकडा नऊशेवरून साडेनऊशेवर गेला, मग नऊशे नव्वदवर. आलेखाच्या कागदावर रोजच्या सरासरीचे दोन ठिपके बरोब्बर रेषेवर पडले. मावशीच्या मनात गाणं म्हणावंसं वाटण्याइतका आनंद झाला. तिनं म्हटलं मात्र नाही.

तिसऱ्या दिवसापासून ती शेडमध्येच बसू लागली. कारण सांगायचं तर लक्ष ठेवायला. खरं कारण असं की तो माणूस दिवसभर एकटा स्टुलावर बसलेला तिला बघवेना. खांबाच्या मागं भिंतीत खुर्चीपुरता बुटका कोनाडा होता, त्यातल्या झरोक्यातून वाऱ्याची छान झुळूक यायची. तिथं तिनं आपली खुर्ची टाकली. तो दाराशी, ती खांबामागे, मध्ये शिशाची गाडी. दोघं बोलायची, किंवा नाही बोलायची.

ते दिवस पुढं तिला स्वप्नातल्यासारखे आठवायचे. शेडमध्ये धूसर उजेड, शिशाच्या विटांवर मंद चमक, लाल आकड्यांची सरकती ओळ. चालक आईबद्दल बोलायचा. ती आता वस्तूंना भलतीच नावं देते, चमच्याला म्हणते "तो", खिडकीला "मोठं". मावशी त्याला ताऱ्यांबद्दल सांगायची.

"म्हणजे हे जे आत्ता इथं पडतंय, ते माझी आई जन्मायच्याही आधी निघालेलं?" त्यानं विचारलं.

"तुमची आई कसली, कुणाचीच आई जन्मायच्या आधी."

"आणि इतक्या लांबून येऊन माझ्याच गाडीवर पडायचं होतं त्याला," तो म्हणाला. दोघंही हसली. मावशी इतकी हसली की तिला स्वतःचंच नवल वाटलं.

आणि आभाळ उघडलं. दाब चढू लागला. आता आकडा उतरायला हवा होता, परत नऊशेला. चौथ्या दिवशी तो उतरला, पण थोडाच. पाचव्या दिवशी दाब पहिल्या दिवसाइतका झाला आणि आकडा नऊशे सत्तरवर अडून बसला. सहाव्या दिवशीही तेच. ठिपके रेषा सोडून वर, हवेत लटकलेले.

सत्तर. दर दहा मिनिटाला सत्तर, कुठून तरी, हवेला न विचारता.  मावशीनं नळ्या तपासल्या, तारा तपासल्या, गणित तीनदा केलं. म्हणजे आत काहीतरी होतं. कुणी तरी विटांमध्ये काहीतरी ओतून ठेवलं होतं, आणि या माणसाला त्याचा थांगपत्ता नव्हता. किंवा होता? तिनं खांबाआडून त्याच्याकडे पाहिलं. तो आकड्यांकडे बघत गुडघ्यावर बोटं वाजवत होता. तिला त्याच्याविषयी संशय आला आणि संशय आल्याची लाजही वाटली.

सातव्या दिवशी संध्याकाळी तिनं वर आपल्या खोलीत बसून खुलासा लिहायला घेतला. 'आकडा दाबाशी जुळत नाही. आत स्थिर स्रोत असण्याची शक्यता नाकारता येत नाही.' त्याला सोडवायची तिला इच्छा होती, फार इच्छा होती, पण आलेखाला तिची इच्छा कळत नव्हती. खोटं लिहिणं तिला जमलं नसतं. तिनं कागद पिशवीत घातला आणि दिवा मालवला.

आठव्या दिवशी सकाळी फोनवर चालक एकच वाक्य बोलला. "आई, मी." मग ऐकत राहिला. फोन ठेवून शेडमध्ये आला, स्टुलावर बसला. मावशी आधीच खुर्चीत होती, पिशवी मांडीवर.

"आज म्हणाली, चुकीचा नंबर लागलाय," तो म्हणाला.

अकरा वाजले. मावशीला तिथं बसवेना. ती नेहमीसारखी अंगणापलीकडे चहाला गेली, वीस मिनिटांनी दोन पेले घेऊन परत आली. एक त्याच्या हातात दिला आणि खांबामागं जायला वळली.

"एक सांगू मावशी?" तो पेल्यात बघत म्हणाला. काही तरी बोलायचं म्हणून बोलला असावा. "तुम्ही चहाला गेलात ना, की तुमचं यंत्रही सुस्तावतं बघा. अकराला नि चारला. मला दुसरा उद्योग काय, बघत बसतो. तुम्ही आलात की परत धावायला लागतं. तुमचा लळा लागलाय त्याला."

मावशी हसली. मग हसायची थांबली. हातातला पेला तिनं शिशाच्या विटांवर ठेवला, जे नियमात मुळीच बसत नव्हतं, आणि पट्ट्यांची वही उघडली. आजवर तिनं दिवसभराची सरासरीच काढली होती. आता ती कालची एकेक पट्टी बघू लागली. नऊशे बहात्तर, नऊशे पासष्ट, नऊशे ऐंशी, आणि अकरा वाजता नऊशे चार, आठशे सत्त्याण्णव. पुन्हा नऊशे सत्तर. चार वाजता नऊशे दोन. परवा तेच. परवा तेच. पहिल्या दोन दिवसांत मात्र असा खळगा एकही नाही.

ती खांबाच्या मागं गेली. उघडी पाठ. काढून ठेवलेली लादी भिंतीला टेकवलेली. आणि लादीच्या जागी, हातभर अंतरावर, तिची खुर्ची.

न्यूट्रॉन इतके वेगात असतात की नळीतून आरपार निघून जातात, सापडत नाहीत. त्यांना धक्के देऊन दमवावं लागतं, मग ते परत फिरून नळीत अडकतात. दमवायला प्लास्टिक चालतं, मेण चालतं, पाणी चालतं. आणि माणूस म्हणजे बहुतेक पाणीच. हे तिला माहीत नव्हतं असं नाही. प्रत्येक नव्या शिपायाला पहिल्या दिवशी तीच सांगायची, "खांबाजवळ रेंगाळू नका, तुम्हीही मोजले जाल." सव्वीस वर्षं दुसऱ्यांना सांगितलं. आपणही कुणीतरी आहोत, आपलंही पाणी आहे, हे तिच्या ध्यानातच आलं नाही.

ज्याला सोबत म्हणून ती तिथं बसली होती, त्याला तिच्याच बसण्यानं कोठडीच्या दारापर्यंत नेलं होतं. तिला एकदम रडू आलं. तिनं डोळे पुसले आणि साहेबांना बोलवायला धावली. मावशीला धावताना नाक्यावर कुणी पाहिलं नव्हतं.

साहेब आले, धापा टाकत. "पथक दीड तासात येतंय आणि तुम्ही मला खुर्ची दाखवताय?"

"दहा मिनिटं बाहेर थांबा सगळे," मावशी म्हणाली. इतक्या ठाम आवाजात की साहेब थांबले. पट्टी आली, नऊशे एक. मग ती बसली. पट्टी आली, नऊशे त्र्याहत्तर. "आता तुम्ही बसा."

"मी?"

"बसा हो."

साहेब खुर्चीत मावेनात, तरी बसले. दहा मिनिटं श्वास रोखल्यासारखे. पट्टी आली, एक हजार सोळा.

"साहेब, तुम्ही जास्त धोकादायक आहात," दारातून चालक म्हणाला. साहेबांनी त्याच्याकडे डोळे वटारून पाहिलं, मग त्यांनाच हसू फुटलं.

लादी परत बसवायला जागा नव्हती, पण गरजही नव्हती. मावशीनं आपल्या बसण्याच्या पट्ट्या बाजूला काढल्या, अकराच्या आणि चारच्या तेवढ्या ठेवल्या, आणि ठिपके पुन्हा मांडले. सगळे रेषेवर उतरले. ते सगळं आकाशाचं होतं.

खुलासा लिहिताना साहेब हळूच म्हणाले, "मावशी, तुमचं नाव कशाला? 'यंत्रातील बिघाड' म्हणू. इतक्या वर्षांत तुमच्या नावावर एक रेघ नाही."

"यंत्र बरोबर होतं साहेब. मी चुकले." आणि तिनं लिहिलं, 'मोजणी करणारी व्यक्ती खांबामागे बसल्याने आकडा वाढला.' खाली सही केली. अक्षर नेहमीपेक्षा सावकाश काढलं, कारण रेघ ती रेघच.

पथकानं पट्ट्या पाहिल्या, स्वतःच्या यंत्रानं एक फेरी मारली आणि तीन वाजता गाडी सुटली. चालक गाडीवर चढला, मग पुन्हा उतरला, मावशीपाशी आला. त्याला तिच्या पाया पडायचं होतं की भांडायचं होतं, कुणास ठाऊक. "तुमच्यामुळं अडकलो आणि तुमच्यामुळं सुटलो," तो म्हणाला. "पण दिवस बरे गेले." आणि निघून गेला.

दोन दिवसांनी सकाळी मावशी रिकाम्या रस्त्याची मोजणी करत होती. साहेबांनी शिकवण म्हणून सुट्या खांबाच्या पाठीमागं जमिनीवर पिवळी रेघ मारून घेतली होती, 'इथे बसू नये.' काचेच्या खोलीतला फोन वाजला.

"मावशी, मी. शिसेवाला."

"पोचलात? आई..."

"काल संध्याकाळी पोचलो. दार वाजवलं. बराच वेळ कुणी येईना. मी परत वाजवलं. मग उघडलं. माझ्याकडे बघत राहिली, बघत राहिली." पलीकडे नाक ओढल्याचा आवाज आला.  "म्हणाली, आज उशीर केलास."

मावशीनं फोन ठेवला आणि थोडा वेळ पत्र्यातून उतरणाऱ्या उन्हाकडे बघत बसली. पहिली गाडी यायला अजून वीस मिनिटं होती. तिनं त्या वेळची पट्टी फाडली, चारशे शहात्तर, वहीत चिकटवली, वही मिटली. मग खुर्ची उचलून शेडमध्ये गेली. सुटा खांब आता मोकळ्या जागेत, उघड्या पाठीनं उभा होता. तिनं यंत्र सुरू केलं, दहा मिनिटं दाराबाहेर उभी राहिली आणि एक पट्टी घेतली. मग पिवळ्या रेघेच्या आत खुर्ची ठेवली आणि बसली.

दहा मिनिटांनी दुसरी पट्टी बाहेर आली. तिनं दोन्ही शेजारी शेजारी धरल्या. चारशे एकोणसत्तर. पाचशे चार. ती दुसरी पट्टी वहीत चिकटवायची नव्हती. तिनं ती नीट घडी करून पर्समध्ये ठेवली आणि नाका उघडायला गेली.